आधी पैशाची वाट, मग पुरुषांची बैठक: शेतकरी सहकारी संस्थेतून स्त्रियांवरची हिंसा रोखण्याचं काम

घरात हात कधी उचलला जातो, हे शेतकरी घरातल्या स्त्रियांना वेगळं बसवून विचारा. उत्तरं बहुधा पिकाच्या दिनदर्शिकेवरच येऊन बसतात. बी-खतासाठी उचल घ्यायची वेळ, सुगीच्या आधीचे ओढाताणीचे आठवडे, मालाचे पैसे हातात पडण्याचा दिवस, कर्जाचा हप्ता. यातल्या जवळजवळ प्रत्येक दिवशी सहकारी संस्थेचं काउंटर मध्ये असतं. उचल ती देते, माल ती मोजते, चिठ्ठी ती फाडते, हप्ता ती कापते. म्हणून हे काम संस्थेतून करायचं तर सुरुवात भाषणाने करू नका. पैसा घरात कोणत्या वाटेने, कोणाच्या हाती, कोणाच्या माहितीने जातो, ते आधी बदला. पुरुषांच्या बैठका त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार 15 वर्षांवरील सुमारे 30 टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक, किंवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. म्हणजे दोनशे सभासद-घरांच्या संस्थेत हा प्रश्न आहे का, याचा शोध घ्यायची गरज नाही. तो आहे असं धरूनच चालायचं.

पहिले दोन-तीन महिने: पुरुषांना अजून बोलवू नका

हिंसेबद्दल उघड बोलणं सुरू झालं की कोणीतरी मदत मागायला येते. तेव्हा हात रिकामे असतील तर त्या बाईचा धोका आपणच वाढवलेला असतो. म्हणून आधी मदतीचा नकाशा करा. दवाखाना, पोलीस, कायदेशीर मदत, समुपदेशन, निवारा, मुलांसाठीची सेवा यांची यादी कागदावर करून थांबू नका, संस्थेतल्या दोघींनी प्रत्यक्ष जाऊन या. दार किती वाजता उघडतं, रात्री फोन कोण उचलतं, तिथवर जायला किती वेळ लागतो, स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असते, कोणती कागदपत्रं मागतात, हे लिहून घ्या. बलात्काराच्या घटनेत वेळ फार मोलाचा असतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू व्हावी लागतात. नको असलेली गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, पण तीही लवकर घेतलेली बरी. ही औषधं सर्वांत जवळ कुठे मिळतात, हे त्या नकाशावर ठळक असलं पाहिजे. दर तीन महिन्यांनी सगळे फोन पुन्हा लावून बघा, कारण यादी पटकन शिळी होते.

मदतीचे क्रमांक असलेल्या कार्डावर ‘हिंसा’ हा शब्द छापू नका. पीक-सल्ला, पशुवैद्य, दवाखाना अशा क्रमांकांमध्येच हेही असू द्या. घरात कोणाच्या हाती लागलं तरी कार्डाने बाईला अडचणीत आणू नये.

संस्थेतल्या दोन स्त्रियांना संपर्क-व्यक्ती म्हणून तयार करा. त्या अध्यक्षाच्या किंवा सचिवाच्या नात्यातल्या नसाव्यात. त्यांचं काम नेमकं आणि मर्यादित आहे: शांतपणे ऐकायचं, आत्ता काय हवं आहे ते विचारायचं, तिच्यावर विश्वास दाखवायचा, आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का हे तिच्याबरोबर बघायचं आणि तिची इच्छा असेल तर पुढच्या मदतीशी जोडून द्यायचं. चौकशी करणं, पुरावे गोळा करणं, नवऱ्याला जाब विचारणं त्यांच्याकडे नाही. मूल धोक्यात असेल तर कळवणं कायद्याने बंधनकारक असू शकतं. तुमच्याकडचा नियम आधी विचारून ठेवा. पूर्ण गुप्ततेचं वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा ‘एवढी एक गोष्ट मला सांगावी लागेल’ असं सुरुवातीलाच म्हणणं प्रामाणिक आहे.

याच काळात स्त्रियांचे आठ ते बारा जणींचे गट बसवा. एका घरातल्या सासू-सून किंवा जावा एका गटात नकोत. ‘तुमच्यावर काय गुजरलं’ असं विचारायचं नाही. ‘आपल्या भागातल्या घरांत’ अशी सुरुवात करायची. जमिनीवर वर्षाचे बारा भाग आखा. काम जास्त असेल त्या महिन्यात खडे, पैसा येतो तिथे पानं, भांडणं वाढतात तिथे काड्या ठेवायला सांगा. अर्ध्या तासात जो नकाशा उभा राहतो त्यावर पुढचं सगळं काम बेतायचं आहे. शेवटी दोन प्रश्न विचारा: पुरुषांच्या बैठकीत कोणता विषय निघावा, आणि कोणता निघाला तर घरी तुम्हालाच त्रास होईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. हे गट एकदा बसवून सोडायचे नाहीत. पुरुषांची सत्रं चालू असेपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ते भरले पाहिजेत, कारण घरात खरोखर काय चाललंय हे तिथेच कळतं.

पोटनियम, खातं, चिठ्ठी

आता संस्थेचं दप्तर उघडा. सभासदत्व जमिनीच्या मालकीशी जोडलेलं असेल तर राबणाऱ्या बहुतेक स्त्रिया आपोआप बाहेर राहतात. कसणारी व्यक्तीही सभासद होऊ शकेल आणि एका घरातून दोघांना स्वतंत्र मत असेल, असा पोटनियम सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. यात सहकाराच्या विरोधात काही नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने 1995 मध्ये स्वीकारलेल्या सात तत्त्वांपैकी पहिलंच तत्त्व लिंगभेद न करता खुल्या सभासदत्वाचं आहे. संचालक मंडळावर एकच स्त्री घेऊ नका. एकटी बाई एक तर गप्प बसते किंवा सगळ्या विरोधाचं ओझं तिच्या एकटीवर येतं. निदान तिघी एकदम घ्या. सभेची वेळ ठरवताना स्वयंपाक आणि धारेची वेळ टाळा. एवढ्या बदलाने हजेरीत फरक पडतो.

पैशाच्या वाटेत करण्यासारखे बदल छोटे असतात. मालाच्या चिठ्ठीच्या दोन प्रती काढा आणि वजन, दर, कपात आणि हाती येणारी रक्कम पती-पत्नी दोघांना सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. उचल किंवा कर्ज देताना घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला रक्कम आणि परतफेडीची तारीख माहीत आहे, एवढं बघा. मात्र स्त्री सभासदाला कर्ज देताना ‘नवऱ्याची परवानगी’ मागू नका. माहिती असणं वेगळं आणि परवानगी वेगळी. रोख वाटप संध्याकाळी करू नका, पैसा घरी पोचण्याआधी दारूच्या गुत्त्यावर जाऊ शकतो. शक्य असेल तर रक्कम दोन-तीन हप्त्यांत द्या. दारूने मारहाण वाढते, जखमा गंभीर होतात. पण दारू हे तिचं मूळ नव्हे. दारू न पिणाऱ्या घरांतही मारहाण असते, आणि पिणारा माणूस गुत्त्यावरच्या बलदंडावर हात उगारत नाही.

इथे एक चूक वारंवार होते, आणि तीही चांगल्या हेतूने. एके दिवशी ठराव होतो: यापुढे सगळी रक्कम बायकोच्या खात्यावर. नवऱ्याला ते हिसकावून घेतल्यासारखं वाटतं आणि राग संस्थेवर न निघता घरात निघतो. पैशाची सूत्रं अचानक हलली की काही घरांत हिंसा वाढते. म्हणून पाळीपाळीने जा: आधी माहिती दोघांना, मग संयुक्त खातं, मग तिच्या श्रमाचा किंवा तिच्या पिकाचा वाटा तिच्या स्वतंत्र खात्यावर. प्रत्येक टप्प्याआधी स्त्रियांच्या गटाला विचारा आणि त्यांनी ‘अजून नको’ म्हटलं तर थांबा.

संस्थेच्या आवारातल्या हिंसेकडेही बघा. तोलाईला उभ्या बाईला हात लावणं, खत किंवा उचल लवकर मिळवून देण्याच्या बदल्यात शरीराची मागणी, क्षेत्रभेटीला आलेल्या कर्मचाऱ्याची सलगी. कुंपणच शेत खात असेल तर पुरुष सभासदांना घरात कसं वागावं हे कोणत्या तोंडाने सांगणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2019 चा करार क्रमांक 190 कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाबद्दल आहे. तुमच्या देशाने तो स्वीकारला असो वा नसो, संस्थेची आचारसंहिता लिहायला तो चांगला आधार आहे. तक्रारीची वाट एकच ठेवू नका: एक संपर्क-व्यक्ती, एक बंद पेटी आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती, अशा तीन असाव्यात. तक्रार खुद्द अध्यक्षाविरुद्ध आली तर ती कोण हाताळेल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. प्रसंग आल्यावर ठरवायला गेलात तर काहीच ठरत नाही.

पुरुषांचे गट

एका गटात पंधरा ते वीस पुरुष घ्या. दर आठवड्याला दोन तासांचं एक याप्रमाणे पंधरा ते सतरा सत्रं ठेवा आणि त्यातल्या निम्म्यांना जोडीदारांनाही बोलवा. पेरणी-काढणीचे आठवडे सोडून आखणी करा, नाहीतर चौथ्या सत्राला पाचजण उरतात. रवांडातल्या ‘बांदेबेरेहो’ कार्यक्रमाचा साचा असाच होता: पुरुषांसाठी 15 सत्रं, त्यातल्या आठांत पत्नीही. जवळपास 1,200 जोडप्यांवर केलेल्या चाचणीत, 21 महिन्यांनी, गेल्या वर्षभरात शारीरिक हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया कार्यक्रमातल्या घरांत 33 टक्के आणि तुलनेच्या, म्हणजे कार्यक्रम न मिळालेल्या, घरांत 57 टक्के होत्या. पश्चिम आफ्रिकेतल्या कोत द’ईव्वारमध्ये (आयव्हरी कोस्ट) बचतगटांना आठ संवाद-सत्रांची जोड दिली. तिथे सरसकट सगळ्या घरांत शारीरिक हिंसा लक्षणीय घटली नाही. पैशाच्या बाबतीतला छळ घटला, आणि ज्या जोडप्यांनी तीन-चतुर्थांशाहून जास्त सत्रं केली त्यांच्यात शारीरिक हिंसाही कमी झाली. म्हणून हजेरीचा पाठपुरावा करणं हेच अर्धं काम आहे. दोन सत्रं चुकली की घरी जाऊन भेटा. हजेरीसाठी रोख भत्ता मात्र देऊ नका, तो थांबला की गटही थांबतो.

गट चालवायला एक पुरुष आणि एक स्त्री अशी संवादकांची जोडी हवी. दोघांनाही निदान आठ-दहा दिवसांचं प्रशिक्षण लागतं, आणि त्यातले पहिले काही दिवस स्वतःच्या घराकडे बघण्यात जायला हवेत. पुरुष संवादक निवडताना पद बघू नका. ज्याचं पीक बघायला शेजारचे शेतकरी थांबतात, जो सभेत दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेतो, असा माणूस शोधा. नाव पक्कं करण्याआधी स्त्रियांच्या गटाचं मत घ्या, कारण चारचौघांत मान असलेला माणूस घरी कसा आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांनी नापसंत केलेलं नाव कारण न विचारता गाळा.

पहिल्या तीन-चार सत्रांत हिंसा हा शब्दही काढायची गरज नाही. सुरुवात कामाच्या घड्याळाने करा. जमिनीवर दोन मोठी वर्तुळं आखून प्रत्येकाचे 24 भाग पाडा, एक पुरुषाचं, एक स्त्रीचं. हंगामातल्या एका दिवसाचा एकेक तास पुरुषांनीच भरायचा, शेतातल्या कामाला धान्याचे दाणे, घरकामाला खडे, विश्रांतीला पानं. स्त्री एकाच तासात दोन कामं करत असेल तर दोन्ही ठेवायची. मग फक्त पानं मोजायला सांगा आणि गप्प बसा. संवादकाने इथे निष्कर्ष सांगितला तर सगळी मेहनत वाया जाते. तो त्यांच्याच तोंडून यायला हवा. घरी जाऊन पत्नीला विचारून आपलं वर्तुळ दुरुस्त करून आणायचं, हा त्या आठवड्याचा गृहपाठ. दुरुस्ती जवळजवळ सगळ्यांनाच करावी लागते.

पुढच्या सत्रात झाड काढा. मुळं म्हणजे घरात कोण काय राबतं आणि कमावतं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला स्त्री, मधे दोघांचं. खोडाच्या दोन्ही बाजूंना कोणत्या मालमत्तेवर आणि निर्णयांवर कोणाचा ताबा आहे ते. फांद्या म्हणजे खर्च: घराचा, मुलांचा, एकट्या पुरुषाचा, एकट्या स्त्रीचा. हे साधन ‘जेंडर अ‍ॅक्शन लर्निंग सिस्टिम’ या पद्धतीतलं आहे, आणि ती पद्धत युगांडातल्या बुकोन्झो जॉइंट या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेत वाढली. अक्षरओळख नसलेल्यालाही ते जमतं, आणि शेतकऱ्याला त्यात आपला हिशोब दिसतो. एकीकडच्या मुळांवर जास्त भार आणि दुसरीकडच्या फांद्यांना जास्त फळं असलेलं झाड वाकडं वाढतं, हे त्याला शिकवावं लागत नाही. झाड सरळ करण्यासाठी पुढच्या महिन्यात कोणती एक गोष्ट बदलणार, ते प्रत्येकाने चित्रावर खूण करून सांगायचं. एकच गोष्ट, आणि मोजता येईल अशी. ‘बायकोचा आदर करीन’ हे चालणार नाही. ‘उचल घेण्याआधी दोघं बसून रक्कम ठरवू’ हे चालेल.

यानंतर क्रमाने घरातले निर्णय, राग, दारू, मुलांसमोरचं भांडण, अंथरुणातली संमती आणि शेजारी मारहाण होत असताना काय करायचं, हे विषय घ्या. रागाच्या सत्रात उपदेश नको, सराव हवा. शरीरात राग पहिल्यांदा कुठे जाणवतो ते प्रत्येकाने ओळखायचं, तिथेच बोलणं थांबवायचं, ‘मी थोड्या वेळाने येतो’ असं सांगून बाहेर पडायचं आणि परत येऊन विषय पुरा करायचा. परत येणं विसरलं तर तो अबोला होतो, आणि अबोलाही छळाचं हत्यार आहे. त्याच वेळी एक गोष्ट स्वच्छ सांगा: मारणाऱ्याचा ताबा सुटलेला नसतो. तोच माणूस व्यापाऱ्यासमोर, पोलिसासमोर राग गिळतो. घरात तो मारतो, कारण तिथे कोणी अडवत नाही.

काही वाक्यं प्रत्येक गटात येतात. ‘ती उलटून बोलली.’ विचारा, तराजूवाला उलटून बोलला तेव्हा काय केलंत? ‘बायकाही मारतात.’ हो, काही मारतात, आणि तेही चूकच. मग विचारा, तुमच्या घरात कोणाला कोणाची भीती वाटते? ‘घरातलं घरात राहू द्या.’ घरातल्या गोठ्याला आग लागली तर शेजाऱ्याने बादली आणायची की नाही? वाद जिंकणं हे संवादकाचं काम नाही. प्रश्न गटाकडे परतवला की गटातलाच कोणीतरी बोलतो, आणि त्याचं बोलणं जास्त टिकतं.

एखादा पुरुष स्वतःच मारहाण कबूल करेल. टाळ्या वाजवू नका आणि सर्वांसमोर फाडूही नका. ‘सांगितलंत, त्याची जबाबदारी तुमची आहे, बैठकीनंतर बोलू’ एवढंच म्हणा. त्याच्या पत्नीबद्दलचा तपशील गटात निघत असेल तर तिथेच थांबवा. संपर्क-व्यक्तीला कळवा, पण तिने लगेच त्या घरी धाव घ्यायची नाही. नवऱ्याला वाटेल की बायकोने तक्रार केली.

काय बिघडतं

समितीने पती-पत्नीला समोरासमोर बसवून समेट घडवायचा मोह सर्वांत घातक. मार खाणारी बाई मारणाऱ्यासमोर मोकळं बोलू शकत नाही. समेटाच्या कागदावर अंगठा उमटतो आणि रात्री त्याचा हिशोब होतो. संस्थेने मध्यस्थी करायची नाही, असा स्पष्ट ठराव इतिवृत्तात असू द्या.

दुसरं, पुरुष ‘रक्षक’ होतात. ‘आमच्या बायकांना आम्ही जपू’ हे ऐकायला गोड, पण त्यातून तिच्या बाजारात जाण्यावर, फोनवर, बचतगटावर पहारा बसतो. तिसरं, एकदा चहा केला म्हणून सभेत सत्कार होतात आणि वर्षानुवर्षं तेच करणाऱ्या स्त्रिया समोर बसून बघतात. बदललेल्या पुरुषाला व्यासपीठ देण्याआधी त्याच्या घरच्या बाईला, एकटीला, विचारा की हे खरं आहे का. तिने होकार दिला नाही तर व्यासपीठ नाही.

मोजणी

पुरुषांच्या मतांवरून यश मोजू नका. पूर्व काँगोत ‘इमॅप’ या पुरुषांच्या चर्चागटांच्या कार्यक्रमाची चाचणी झाली तेव्हा पुरुषांच्या वृत्तीत आणि इराद्यांत सुधारणा दिसली, पण स्त्रियांनी सांगितलेल्या हिंसेत तुलनेच्या गावांपेक्षा ठळक फरक आढळला नाही. पुरुष योग्य उत्तरं लवकर शिकतात. म्हणून विचारायचं ते स्त्रियांना, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये घालून दिलेले सुरक्षेचे नियम पाळून: प्रशिक्षित स्त्रीनेच विचारायचं, पूर्ण एकांतात, एका घरातून एकाच स्त्रीला, सर्वेक्षणाला कुटुंबाच्या आरोग्याचं किंवा जीवनमानाचं नाव देऊन. कोणी आलं की विषय बदलण्यासाठी पिकांचे चार प्रश्न हाताशी ठेवायचे. एवढी तयारी नसेल तर हिंसेबद्दल थेट विचारूच नका. मग स्त्रियांच्या गटातली चर्चा आणि संस्थेचं दप्तर यांवर भागवा: किती चिठ्ठ्या दोघांना वाचून दाखवल्या, किती स्त्रियांचं स्वतंत्र खातं चालू आहे, सभेत किती स्त्रियांचे ठराव आले, किती कर्जांची माहिती दोघांना होती.

पहिल्या वर्षी मदत मागणाऱ्यांची संख्या वाढली तर संचालक घाबरतात. बहुधा याचा अर्थ विश्वास बसू लागला आहे. संख्या शून्यच राहिली तर मात्र काळजी करा आणि कार्डं, क्रमांक, संपर्क-व्यक्ती पुन्हा तपासा.

दुसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तीन गोष्टींना वेगळी तरतूद लागते: संवादकांचं मानधन आणि त्यांच्यासाठी दरमहा एक आधार-बैठक, संपर्क-व्यक्तींचा प्रवास आणि फोन, आणि अचानक घर सोडावं लागलेल्या स्त्रीसाठी छोटा तातडीचा निधी. या निधीचा हिशोब नावाने नव्हे, क्रमांकाने ठेवा. नाव आणि क्रमांक जुळवणारी वही संस्थेच्या कपाटात नको. ती एका संपर्क-व्यक्तीकडे कुलपात राहील, आणि लेखापरीक्षकाला क्रमांक आणि रक्कम एवढंच दिसेल, असा ठराव त्याच सभेत करून घ्या.